गुलाबभाऊंचा डावा पाय

गुलाबभाऊ कोणत्याही गाडीत चढताना डाव्या पायातली चप्पल काढून खाली ठेवत. उजव्या पायातली तशीच राही. क्लच डाव्या पायाचा, आणि त्यांना तो तळव्याने समजून घ्यायचा असे, हे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. पुरानी बस्तीच्या टोकाला, देवळामागच्या ज्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांचे गॅरेज होते, तिथल्या बायकांना मात्र त्यातून एक वेगळीच सोय झाली होती. गॅरेजसमोरच्या धुळीत एकटी डावी चप्पल दिसली, की भाऊ कुणाची तरी गाडी घेऊन चक्कर मारायला गेले आहेत आणि निदान तासभर येत नाहीत, असे समजायचे. मीही त्या चपलेशेजारी कितीतरी दुपारी उभी राहिले आहे. हातात फाइल, फाइलमध्ये आलेख आणि डोक्यात संताप.

मी पुण्याची. माझे शिक्षण घर्षणशास्त्रातले, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले असता नेमके काय होते, या विषयातले. पुण्यातली बरी नोकरी सोडून मी रायपूरला आले ती एका क्लच प्लेटसाठी. तिच्या लायनिंगचे, म्हणजे वरच्या घासणाऱ्या थराचे, मिश्रण माझे होते आणि ते दाबून, भाजून देणारा एक लहान कारखाना मला इथे सापडला होता. शर्यतींसाठी पिकअप गाड्या तयार करणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीने अट घातली होती: ताकद वाढवलेल्या इंजिनाची एक पिकअप तुमच्या क्लचवर चालवून दाखवा. दोन टनांची ट्रॉली जोडून, चढावर थांबवून, दहा वेळा जागेवरून उचलून दाखवलीत, तर तुमचा क्लच आमच्या गाड्यांना बसवू. मी स्वतःला एक वर्ष दिले होते. त्यातले आठ महिने मिश्रणातच गेले. हाती दोन नमुना प्लेट होत्या. चाचणी फसली असती, तर पुण्याला परतून जुन्या टेबलापाशी मान खाली घालून बसायचे, एवढेच उरले होते.

क्लच ही तशी साधी रचना. इंजिनाबरोबर फिरणारे एक जड चाक, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला चिकटून प्लेट. आणि प्लेटला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. इंजिनाची सगळी ओढ या दाबातून आणि घर्षणातून चाकांपर्यंत पोचते. माझ्या पिकअपच्या इंजिनाची ओढ मी दीडपट करून घेतली होती आणि कारखान्यातून आलेल्या मूळ क्लचला ती पेलवत नव्हती. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन ओरडायचे, काटा चढायचा आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने निवांत चालायची. प्लेट घसरत होती. तेव्हा माझी नवी प्लेट, अधिक दाबाची प्रेशर प्लेट आणि एकसंध फ्लायव्हील बसवून देणारा माणूस हवा होता. शंकर नगरातल्या माझ्या घरमालकांनी गुलाबभाऊंचे नाव सांगितले. “मराठी आदमी है, आपकी उनसे जमेगी,” असेही म्हणाले. त्यांचा अंदाज इतका कधी चुकला नसेल.

पहिल्या भेटीत मी बॉनेटवर आलेख पसरला. भाऊंनी हात पुसले, चष्मा लावला आणि तो इतका वेळ निरखला, की मला समाधान वाटू लागले. मग त्यांनी विचारले, “मॅडम, या कागदात डावा पाय कुठी हाये?”

“डावा पाय?”

“क्लच कोन दाबते? कागद?”

चप्पल खाली ठेवून ते गाडीत चढले. इंजिन बंदच. डोळे मिटून, अनवाणी पावलाने त्यांनी दहा मिनिटे पेडल खाली-वर केले. मी काचेवर टकटक केली. “आपण काय करत आहात?”

“ऐकून राहिलो.”

हे “राहिलो” प्रकरण मला सुरुवातीस फार जड गेले. भाऊंचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि त्यांच्यासोबत त्यांची मराठीही आली. पुढे तिच्यात हिंदी आणि छत्तीसगढी मिसळली. “करून राहिलो” हे ऐकून पहिल्या आठवड्यात मला वाटे, की या गृहस्थांचे प्रत्येक काम करायचे राहूनच गेले आहे. त्याचा अर्थ “करत आहे” असा होतो, हे मी लवकरच शिकले, वहीत नोंदवलेही, आणि भाषेचा प्रश्न सुटला असे गृहीत धरले. वहीत नोंदवले की प्रश्न सुटतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला सहा बोल्टांनी जोडतात. माझे बोल्ट दोन निरनिराळ्या दुकानांतून आले होते. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चाकावर एका बाजूला दोन ग्रॅम जास्त झाले तरी गाडी थरथरते, म्हणून त्यांची वजने अर्ध्या ग्रॅमपर्यंत जुळवावीत, असे मी सुचवले. भाऊ पाऱ्याला ऐकू जाईल इतके हसले. “मी काय सोन्याचे बोल्ट लावून राहिलो काय?” मी चिडून निघाले आणि सूक्ष्म तराजू कोण वापरू देईल, याची दुसऱ्या दिवसभर तीन प्रयोगशाळांकडे चौकशी करत बसले. संध्याकाळी गॅरेजमध्ये पोचले, तर बाकावर सहा गुलाबी पुड्या मांडलेल्या. सदर बाजारातल्या सोनाराने प्रत्येक बोल्टाचे वजन करून, दागिना बांधतात त्या कागदात तो बांधून, वर शाईने आकडा लिहिला होता. जवळच्या वजनाचे बोल्ट समोरासमोर लावायचे, हेही भाऊंनी ठरवून ठेवले होते.

“मला सकाळी फोन करून का नाही सांगितले?”

“तुमी रागात होत्या. म्हटलं, होऊ द्या पुरा.”

काम मात्र असे, की बोट ठेवायला जागा नाही. फ्लायव्हीलवर हात फिरवून त्यांनी ते दोनदा परत घासायला पाठवले. गिअरबॉक्सचा आतला दांडा पुसताना ते असे गप्प होत, की त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, मागच्या घरातून चहा आणूनही दारातच थांबत. प्लेट चढली, गिअरबॉक्स जागेवर गेला, आणि आमच्यातला खरा वाद सुरू झाला. तो प्लेट “बसण्या”चा.

नवी प्लेट आणि फ्लायव्हील दिसायला सपाट असतात, पण प्रत्यक्षात ती थोड्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. हलक्या वापराने घासून घासून त्यांचा पुरा स्पर्श व्हावा लागतो. तोवर गाडीवर ओझे घालायचे नाही. घातले तर तेवढ्याच जागा तापतात, चकचकीत होतात आणि घसरतात. याला मेकॅनिक “प्लेट बसणे” म्हणतात. मी महामार्गावर आठशे किलोमीटर गाडी रिकामी चालवण्याचे वेळापत्रक दिले. भाऊ “हव” म्हणाले. छत्तीसगढीत हव म्हणजे होय. भाऊंच्या तोंडी त्याचा अर्थ “ऐकले” एवढाच असे.

चारच दिवसांनी मी घड्याळाचा पट्टा घ्यायला सदर बाजारात गेले. सोनारांच्या दुकानांमधल्या त्या चिंचोळ्या रस्त्यात स्कूटरींचा लोंढा एका अवाढव्य गाडीमागे तुंबला होता. ती माझी पिकअप होती. आत भाऊ, प्रसन्न. मागे फुलकोबीच्या टोपल्या.

“भैया, हटाओ ना!” मागून कुणी ओरडले.

“हटा ही तो रहा हूँ, बाबू!” म्हणत भाऊ वीतभर पुढे सरकले आणि पुन्हा थांबले.

मी खिडकीशी गेले. “भाऊ, ही गाडी आत्ता महामार्गावर असायला हवी होती!”

“महामार्गावर क्लच कोन दाबते, मॅडम? एकदा टॉप गिअर टाकला, का सीधं दुर्ग शहरात. इथं पाहा, दर दहा पावलाले दाबा, सोडा, दाबा, सोडा.”

“पण आठशे किलोमीटर…”

“किलोमीटर नका मोजू. पाय मोजा.”

“आणि ही फुलकोबी?”

“रिकामी गाडी कायले न्यायची?”

मी तडक निघून आले. चिडण्याचे मुख्य कारण हे, की त्यांचे म्हणणे बरोबर होते. झीज अंतरावर अवलंबून नसते, क्लच किती वेळा धरला-सोडला यावर असते. माझ्या स्वतःच्या प्रबंधात हे लिहिलेले होते. वेळापत्रक करताना मी ते विसरले आणि भाजीच्या टोपल्यांसमोर मला त्याची आठवण करून देण्यात आली. बाजाराच्या अशा किती फेऱ्या हव्यात, असे मी नंतर फोनवर कोरडेपणाने विचारले. “साठेक,” ते म्हणाले. कशावरून? “पाय सांगन.”

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी, कंपनीच्या साहेबांनी कळवले, की पुढच्या महिन्यात ठरलेली चाचणी ते येत्या शनिवारीच घेतील. त्यांना रायपूरला दुसरे काम निघाले होते. मी लगेच भाऊंना फोन लावला. ते साळ्याच्या मुलीच्या लग्नाला डोंगरगडला गेले होते. मागे बँड वाजत होता.

“भाऊ, प्लेट बसली का?”

“बसून राहिली ना, मॅडम! टेन्शन नका घेऊ!”

आणि फोन कटला. “करून राहिलो” मला येत होते. “ऐकून राहिलो” येत होते. पण “बसून राहिली” हे आमच्या पुण्याच्या मराठीतही आहे. तिथे जी बसून राहिली, ती एकदाची बसली आणि उठलीच नाही. मी समाधानाने शनिवारची वेळ कळवून टाकली.

शुक्रवारी मी किल्ली आणायला गेले. भाऊंच्या आधीच लग्नाहून परतलेल्या वहिनींनी विचारले, “त्याईले विचारलं ना?” मी म्हणाले, विचारले. गाडी घरी आणून स्वतः धुतली, आतून पुसली. ॲश ट्रेमध्ये चिंचोके भरले होते. हा माणूस माझ्या गाडीत बसून चिंचा खातो, असे मनाशी म्हणत मी ते कचऱ्यात ओतले.

शनिवारी शहराबाहेरच्या एका बंद खाणीच्या चढावर ट्रॉली जोडली. साहेब मोजके बोलणारे, वहीत लिहिणारे. पहिल्या चार उचली चांगल्या झाल्या. पाचवीला इंजिनाचा आवाज किंचित पुढे धावला. सहावीला गाडी जागची हलली नाही. इंजिन ओरडत राहिले आणि जळक्या लायनिंगचा तो उग्र वास आला, जो ओळखायला शिक्षण लागत नाही. साहेबांनी एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली. “सहाव्या उचलीस घसरला. अयोग्य.” ते गेले. मी चढावर उभी राहून पुण्याला फोन करण्यासाठी शब्द जुळवत होते.

रविवारी भाऊ परतले, कुणाची तरी जीप आणून पिकअप ओढत नेली आणि गिअरबॉक्स उतरवला. प्लेट हातात आल्यावर मग मान वर केली.

“कोनाले विचारून नेली?”

“तुम्हालाच! तुम्हीच म्हणालात, बसून राहिली.”

“हव. बसून राहिली. बसली असं म्हटलं काय मी?”

“दोन्ही एकच!”

“एकच? ही जेवून राहिली आन् ही जेवली, एकच हाये काय?”

आतून वहिनींचा आवाज आला, “मी जेवलीबी नाई आन् जेवूनबी नाई राहिली. तुमचं भांडन आटपलं, का सांगजा.”

मी प्रथमच ते वाक्य भाऊंच्या कानाने ऐकले. बसून राहिली: बसते आहे. अजून बसते आहे. माझ्या वहीतला नियम अचूक होता. मी तो लावला नव्हता.

“आन् चिंचोके कुठी हायेत?” भाऊंनी विचारले.

“फेकले. कचरा होता तो.”

“अडतीस होते,” ते म्हणाले. “एका फेरीले एक.”

मी आयुष्यात प्रयोगातला एकही आकडा, तो कितीही गैरसोयीचा असो, कधी टाकून दिलेला नाही. आणि साठपैकी अडतीस झाल्याचे सांगणारी एकमेव नोंद मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात ओतली होती. भाऊंनी प्लेट उजेडात धरली. चकचकीत डाग आणि मधे कोरी, न लागलेली जागा. मी मोजले: जेमतेम दोन पंचमांश भाग टेकला होता.

“बह्याड पोट्टी,” ते पुटपुटले. मला वेडी म्हणत होते, आणि मी हरकत घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले, त्याने मात्र माझा तोल गेला. माझ्या फाइलवर लिहिलेला साहेबांचा नंबर पाहून त्यांनी माझ्यादेखत फोन लावला. “साहेब, मी गुलाब मिस्त्री बोलून राहिलो. चूक माही हाये. मीच मॅडमले सांगतलं, का प्लेट बसली. त्याईची प्लेट चांगली हाये.”

“खोटे का बोललात?” मी ओरडले. “तुम्ही तसे म्हणालाच नव्हतात!”

“तुमाले तसंच ऐकू आलं ना?”

“हो, पण…”

“मंग तसंच बोललो म्या. वाद मिटला.”

वाद मिटला नव्हता. चाळीस वर्षे ज्याच्या हाताला कुणी नाव ठेवले नाही, त्या माणसाने माझ्या चुकीखाली आपले नाव लिहून टाकले होते, आणि तेही चहा गाळून घ्यावा इतक्या सहजपणे. त्या संध्याकाळी मी साहेबांना सविस्तर लिहिले. प्लेट बसण्यापूर्वी गाडीवर ओझे घातले गेले. निर्णय माझा होता. मेकॅनिकने स्पष्ट सांगूनही मला समजले नाही. सोबत प्लेटचे छायाचित्र आणि मोजमाप जोडले. यानंतर दुसरी संधी मिळण्याचे कारण नव्हते, हे मला कळत होते. उत्तर एका ओळीचे आले: “दुसरी प्लेट आहे का?” तीन आठवड्यांची मुदत होती.

दुसरी प्लेट होती. तिसरी नव्हती.

या वेळी भाऊंनी गाडी मला चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसले. “डाव्या पायातला बूट काढा.”

“हे सुरक्षित नाही.”

“सदर बाजारात गाडीच चालत नाई, मॅडम. सुरक्षित नसाले काय हाये तिथं?”

मी बूट काढला. रोज तीन-चार फेऱ्या. दर फेरीनंतर भाऊ खिशातून एक चिंचोका काढून ॲश ट्रेमध्ये टाकत आणि माझ्याकडे पाहत. सुरुवातीला प्लेट धरायला लागे त्या क्षणी तळव्याखाली बारीक कुरकुर जाणवे, वाळूवर पाटी ओढल्यासारखी. पाय लवकर उचलला, की ते चुटकी वाजवत, फार वेळ अर्धवट दाबून ठेवला, की “लायनिंग भाजून राहिल्या काय?” म्हणत. मी दिवसाला एकदा तरी भांडले. सत्तेचाळिसाव्या फेरीला, एका कापड दुकानासमोर स्कूटरींच्या गर्दीत, पाय सोडताना कुरकुर आलीच नाही. पेडल सलग, एकसारखे वर आले आणि गाडी आपणहून उचलल्यासारखी पुढे सरकली.

“आलं ना?” भाऊ म्हणाले.

“काय?”

“तोंडावर दिसून राहिलं.”

साठ पूर्ण झाल्यावर मी गाडी थांबवली. ते म्हणाले, अजून पाच. मी संतापले. “साठ म्हणाला होतात!”

“तवा फुलकोबी होती. आता गाडी रिकामी हाये.”

कमी भार, प्रत्येक वेळी कमी झीज, म्हणून अधिक फेऱ्या. मी पाच फेऱ्या मारल्या.

चढावर दहा उचली झाल्या. साहेबांनी आणखी दोन मागितल्या, त्याही झाल्या. वास आला नाही. त्यांनी वही फिरवून दाखवली, त्यात “योग्य” असा एकच शब्द होता. मी धावत भाऊंकडे गेले. ते लांब एका दगडावर बसून होते. “ट्रॉली वाकडी जोडली होती,” ते म्हणाले. बस, एवढेच.

आता तो क्लच कंपनीच्या गाड्यांना बसतो. सोबतच्या सूचनापत्रकात प्लेट बसण्यासाठी किती किलोमीटर, असा रकाना होता. मी तो खोडून तिथे क्लच किती वेळा दाबायचा, ते लिहिले. छापण्यापूर्वी भाऊंना वाचून दाखवले. त्यांनी अक्षराच्या आकाराबद्दल तक्रार केली.

मागच्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. डावाच. मागच्या महिन्यात पेडलही दाबवेना, तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केले आणि ते व वहिनी गोंदियाला मुलीकडे राहायला गेले. जाताना मला न कळवताच गेले. मी फाइल घेऊन पोचले, तर शटर ओढलेले आणि समोरच्या धुळीत चप्पल नव्हती. शेजारच्या बाईंनी सांगितले, “दीदी, वो तो परसों ही निकल गए.” मी फोन करून भांडले. ते म्हणाले, “तुमी रडल्या असत्या. मले ते जमत नाई.”

परवा पुन्हा फोन केला. एक नवे मिश्रण करते आहे; त्याबद्दल बोलायचे होते. पण आधी विचारले, “काय करून राहिले, भाऊ?” हे आता माझ्या तोंडी आपोआप येते.

“काय करन? लेकीच्या घरी बसून राहिलो.”

गुलाबभाऊ, आणि नुसते बसून. मग मला सदर बाजार आठवला. तिथे प्लेटही अशीच बसून राहिली होती.

“किती फेऱ्या झाल्या?” मी विचारले.

पलीकडे पुटपुटणे ऐकू आले. ते खरोखरच मोजत होते.

“सकाळी नातीले शाळेत सोडाले जातो. संध्याकाळी भाजी आनाले. गुडघा धरते, पन जातो. अडतीस झाल्या असतीन,” ते म्हणाले. “टेन्शन नका घेऊ, मॅडम.”